वकिलांच्या पेढींतील मुलाखत : आपलें काम आपण कसें सांगावें?

दरवर्षीं उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या शाळेचे माजी विद्यार्थी गांवीं येतात, आणि त्यांपैकीं पुष्कळ जण आमच्या घरीं डोकावल्यावांचून परत जात नाहींत. पूर्वीं ह्या भेटींत डॉक्टरी, इंजिनियरी व शिक्षकी ह्या तीन धंद्यांविषयींच बोलणें होई. अलीकडे कायद्याचा अभ्यास करणारे विद्यार्थी वाढले आहेत, आणि "सर, मोठ्या वकिलांच्या पेढींत मुलाखतीस जावयाचें आहे, तेथें आपल्याविषयीं काय सांगावें?" हा प्रश्न आम्हांस वारंवार विचारण्यांत येतो. पालकही तोच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारतात : "आमच्या मुलाला चारचौघांत बोलतां येत नाहीं हो, त्याचें कसें व्हावयाचें?" ह्या दोन्ही प्रश्नांस मिळून एकच उत्तर देण्याचा येथें विचार आहे. आम्ही वकील नाहीं, शिक्षक आहों. परंतु ज्या प्रसंगानें आमचे डोळे उघडले तो आमच्याच चुकीमुळें घडला, म्हणून त्याविषयीं लिहिणें आमचें कर्तव्य आहे असें आम्ही समजतों.

पेढी म्हणजे काय?

तालुक्याच्या गांवीं आपण जो वकील पाहतों तो बहुधा एकटाच काम करतो. सोबत एक कारकून व एकदोन उमेदवार. पेढी ही अनेक वकिलांची भागीदारी होय. मुंबईंत ही परंपरा फार जुनी आहे. क्रॉफर्ड बेली ह्या पेढीचा आरंभ १८३० सालचा मानतात. म्हणजे मुंबईचें उच्च न्यायालय १८६२ सालीं स्थापन झालें त्याच्याही आधींचा. त्या काळीं पक्षकाराचें म्हणणें ऐकून कागदपत्र तयार करणारा तो सॉलिसिटर, आणि न्यायाधीशापुढें उभा राहून बोलणारा तो बॅरिस्टर किंवा ॲडव्होकेट, अशी कामाची वांटणी असे. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टनें सर्व देशासाठीं वकिलांचा एकच वर्ग करण्याचें ठरविलें, आणि १९७६ च्या दुरुस्तीनें ॲटर्नी हा निराळा वर्गही संपुष्टांत आला. तथापि ती वांटणी कायद्यांतून गेली तरी तें काम कांहीं गेलें नाहीं. आजही पेढ्यांतील रोजचें काम पुष्कळसें लेखणीचेंच आहे : करारपत्रें लिहिणें, मालमत्तेचे दस्तऐवज तपासणें, कंपन्यांस सल्ला देणें, दाव्याचे कागद तयार करणें.

हें आरंभींच सांगण्याचें कारण असें कीं, वकील म्हणजे वक्ता, अशी जी मूर्ति आपल्या मनांत बसली आहे तीच मुलाखतीच्या वेळीं घात करते. उमेदवारास वाटतें, येथें आपलें वक्तृत्व पाहणार आहेत. वस्तुतः समोर बसलेल्या भागीदारांस निराळ्याच गोष्टी पाहावयाच्या असतात. हा मनुष्य कागद नीट वाचतो काय? वाचलेलें थोडक्यांत व बिनचूक लिहितो काय? ह्याच्या हातीं पक्षकाराचें गुपित सोंपवितां येईल काय? आणि, जें ह्यास येत नाहीं तें वेळेवर सांगण्याचें धैर्य ह्याच्या अंगीं आहे काय? पदवी, बार कौन्सिलची सनद व २०११ पासून सुरू झालेली अखिल भारतीय बार परीक्षा ह्यांच्या योगें कायद्याचें पुस्तकी ज्ञान सिद्ध होतें. वरील चार गोष्टी मात्र कोणत्याही गुणपत्रिकेंत दिसत नाहींत. म्हणूनच मुलाखत घ्यावी लागते.

आमची चूक

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या शाळेंतून दहावी झालेला एक मुलगा कायद्याची पदवी घेऊन घरीं आला. वडिलांचें लहानसें किराणा दुकान. मुलाच्या शिक्षणासाठीं पतपेढीचें कर्ज काढलेलें, आणि आईच्या पाटल्या गहाण पडलेल्या. पदवीनंतर आठ महिने त्यानें आमच्या तालुक्याच्या न्यायालयांत एका वयोवृद्ध वकिलांच्या हाताखालीं उमेदवारी केली होती. पुढें मुंबईच्या फोर्ट भागांतील एका पेढीकडून त्यास मुलाखतीचें बोलावणें आलें. घरांत जणूं सणच झाला, आणि मुलास तयार करण्याचें काम वडिलांनीं मोठ्या विश्वासानें आमच्यावर सोंपविलें.

आम्हीं काय केलें? वक्तृत्वस्पर्धेसाठीं मुलें तयार करतों तसेंच त्यास तयार केलें. इंग्रजींत दीड पानाचें भाषण लिहून दिलें. त्या भाषणांत तो उद्योगी होता, प्रामाणिक होता, चिकाटीचा होता, आणि सर्वांशीं मिळून मिसळून वागणारा होता. मुलानें तें तोंडपाठ केलें. आठ महिन्यांची उमेदवारी त्यांत एका ओळींत उरकली होती. कारण तलाठ्याच्या कार्यालयांतील हेलपाटे मुंबईच्या विद्वान लोकांपुढें काय सांगावयाचे, असें त्यालाही वाटलें आणि, कबूल केलें पाहिजे, आम्हांलाही वाटलें.

भाषण संपल्यावर समोरच्या भागीदार बाईंनीं शांतपणें विचारलें, "चिकाटीचें एक उदाहरण सांगा." भाषणांत उदाहरण नव्हतें. मुलगा गोंधळला, आणि कांहीं तरी सांगावयाचें म्हणून म्हणाला कीं, आपण जमिनीचा एक दावा स्वतः लिहून तयार केला होता. लगेच पुढचा प्रश्न आला : "दाव्याचें कारण कोणत्या तारखेस घडलें असें लिहिलेंत? मुदत कशी मोजलीत?" खरें पाहतां तो दावा त्याच्या वरिष्ठांनीं सांगितला होता व त्यानें केवळ टंकलिखित केला होता. दोन मिनिटांत तें उघड झालें. बाई रागावल्या नाहींत. "मी टंकलेखन केलें, असें सांगितलें असतेंत तरी चाललें असतें," एवढेंच त्या म्हणाल्या, आणि मुलाखत संपली.

मुलगा रात्रीच्या गाडीनें परत आला. दुसऱ्या दिवशीं त्यानें आम्हांस सर्व वृत्तांत सांगितला, तेव्हां आमचीच मान खालीं गेली. खोटें त्याच्या तोंडून निघालें होतें. परंतु त्या खोट्याची वाट आमच्या भाषणानें करून दिली होती. विशेषणांचा ढीग रचून आम्हीं त्याचें खरें काम त्याखालीं पुरून टाकलें होतें.

तीन रकाने

वकिलाचा धंदा पुराव्याचा आहे. साक्षीदार पिंजऱ्यांत उभा राहून "तो मनुष्य वाईट आहे" असें म्हणाला, तर त्यानें कांहींच सिद्ध होत नाहीं. तूं काय पाहिलेंस, केव्हां पाहिलेंस, कोठें उभा राहून पाहिलेंस, असें त्यास विचारण्यांत येतें. ज्यांचा सारा जन्म असे प्रश्न विचारण्यांत गेला त्यांच्यापुढें उमेदवार "मी मेहनती आहें" असें म्हणतो, तेव्हां त्यांच्या मनांत साहजिकच तेच प्रश्न उभे राहतात. आपल्याविषयींचें प्रत्येक विधान हें न्यायालयांतील विधानाप्रमाणें समजावें. त्याच्या मागें एकादी तारीख, एकादा कागद किंवा एकादी घडलेली गोष्ट असावी. अशी गोष्ट नसेल तर तें विधान करूंच नये.

सुदैवानें त्या मुलाजवळ पुरावा होता. त्याच्या वृद्ध वरिष्ठांचा असा नेम होता कीं, उमेदवारानें रोजचें काम रोज वहींत टिपून ठेवलेंच पाहिजे. ती वही घेऊन आम्ही दोघे तीन संध्याकाळ आमच्या ओटीवर बसलों, आणि एका कोऱ्या कागदावर तीन रकाने आंखले. पहिल्याचें शीर्षक 'मीं स्वतः केलें', दुसऱ्याचें 'दुसऱ्यांच्या देखरेखीखालीं केलें', आणि तिसऱ्याचें 'केवळ पाहिलें'. वहींतील प्रत्येक नोंद ह्या तिहींपैकीं एकींत टाकावयाची, असें ठरविलें.

ही वांटणी दिसावयास सोपी, पण करतांना मनाची फार ओढाताण होते. उलटतपासणी ही तिसऱ्या रकान्यांत गेली. ती त्यानें मागच्या बांकावर बसून ऐकली होती. नोटिसा दुसऱ्या रकान्यांत गेल्या. कच्चा मसुदा त्याचा, दुरुस्ती वरिष्ठांची. तो अभागी दावाही आपल्या योग्य जागीं जाऊन बसला. पहिल्या रकान्यांत शेवटीं एकच प्रकारचें काम राहिलें : जमिनीचे उतारे व फेरफार मिळवून, वाचून, तारखेच्या क्रमानें त्यांचा तक्ता करणें. असे तक्ते त्यानें अकरा प्रकरणांत केले होते.

जी नोंद मुलाखतींत सांगावयाची तिचे चार भाग करावे. प्रकरण काय होतें? त्यांत माझ्या वांट्यास काय आलें? मीं तें कसें केलें? आणि त्याचें फळ काय झालें? हे चार भाग मिळून दोन मिनिटांहून अधिक वेळ घेऊं नये. अशा तीन नोंदी तयार असल्या म्हणजे पुरे. तिसऱ्या रकान्यांतील गोष्टीही सांगण्यास हरकत नाहीं. मात्र "मीं पाहिलें" हें क्रियापद तेथें बदलूं नये. "आम्हीं केलें" हा शब्दप्रयोग तर विशेष जपून करावा. आम्ही ह्या लेखांत शिष्टाचार म्हणून 'आम्ही' म्हणतों, पण उमेदवाराच्या तोंडचें 'आम्ही' ऐकून चतुर भागीदार लगेच विचारतो, "त्यांत तुम्ही किती?"

गांवच्या कामाची किंमत

पहिल्या रकान्यांतील एक नोंद अशी होती. एका पक्षकारास शेतजमीन विकत घ्यावयाची होती. सातबाराच्या उताऱ्यावर विकणाऱ्या एकट्याचेंच नांव होतें. मुलानें मागील सर्व फेरफारांच्या नकला मिळविल्या. विकणाऱ्याचे वडील वारले त्या वेळच्या वारसनोंदींत मुलाचें नांव कब्जेदार म्हणून लागलें होतें, आणि दोन बहिणींचीं नांवें 'इतर हक्क' ह्या रकान्यांत लिहिलेलीं होतीं. पुढें दुसऱ्या एका फेरफारानें तीं नांवें कमी झालीं. परंतु नोंदणी झालेलें हक्कसोडपत्र कोठेंच सांपडेना. ही गोष्ट त्यानें वरिष्ठांच्या नजरेस आणली, आणि बहिणींस खरेदीखतांत सामील करून घेतल्यावांचून पैसे देऊं नयेत, असा सल्ला पक्षकारास मिळाला.

आम्हीं हें गांवठी काम समजून भाषणांतून वगळलें होतें. परंतु मुंबईच्या पेढ्या तरी दुसरें काय करतात? कारखान्यासाठीं किंवा इमारतींसाठीं जमीन घ्यावयाची असली, म्हणजे तिची मालकी निर्वेध आहे असा दाखला पेढीकडून मागितला जातो. त्यासाठीं बहुधा मागील तीस वर्षांचे दस्तऐवज तपासतात, नोंदणी कार्यालयांत शोध घेतात, आणि वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस देऊन हरकती मागवितात. ह्यांतील कागद बहुतेक मराठींत असतात. उताऱ्यावर नांवापुढें 'ए. कु. मॅ.' अशीं तीन तुटक अक्षरें असलीं, तर ती व्यक्ति एकत्र कुटुंबाची मॅनेजर आहे व जमिनींत इतरांचाही वांटा असूं शकतो, हें ज्यास कळत नाहीं त्याची इंग्रजी कितीही सफाईदार असली तरी तो फसेल. 'भोगवटादार वर्ग २' हे शब्द दिसले, तर सरकारी परवानगीवांचून ती जमीन सहसा विकतां येत नाहीं, हें त्यास उमगलें पाहिजे. जुने कागद तर कधीं कधीं मोडींत असतात. शिवाय महाराष्ट्रांतील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे; उच्च न्यायालयाची मात्र इंग्रजी.

म्हणून मराठी शाळेंत शिकलेल्या आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही आग्रहानें सांगतों कीं, मोडी किंवा मराठी दस्तऐवज वाचतां येत असेल, तर तें बायोडेटामध्यें स्पष्टपणें लिहा. ह्याचा अर्थ इंग्रजीवांचून चालेल असा नव्हे. इंग्रजी आलीच पाहिजे, आणि ती रोजच्या वाचनानें व लेखनानें येते. परंतु जी विद्या आपणांजवळ आहे ती लाजून झांकून ठेवणें, हाही एक प्रकारचा असत्यपणाच होय.

येथें गांधीजींच्या आत्मकथेची आठवण होते. १८९१ सालीं ते बॅरिस्टर होऊन विलायतेहून परतले. मुंबईच्या लघुवाद न्यायालयांत पहिल्याच खटल्यांत उलटतपासणीस उभे राहिले, तों त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. त्यांनीं फी परत केली. रोज एक तास इंग्रजी शिकविण्याच्या, ७५ रुपये पगाराच्या जागेसाठीं त्यांनीं अर्ज केला. परंतु आपण विश्वविद्यालयाचे पदवीधर नाहीं असें त्यांनीं सांगतांच नकार मिळाला. पुढें राजकोटास अर्ज व निवेदनें लिहिण्याच्या कामांत मात्र त्यांस महिना सुमारें ३०० रुपये मिळूं लागले. तें काम मुख्यतः भावाच्या ओळखीमुळें मिळे, हेंही त्यांनीं लपविलें नाहीं. १८९३ सालीं दादा अब्दुल्ला ह्यांच्या पेढीच्या कामासाठीं ते दक्षिण आफ्रिकेस गेले. तो दावा हिशेबांचा होता, आणि प्रॉमिसरी नोट म्हणजे काय हेंसुद्धां त्यांस ठाऊक नव्हतें. त्यांनीं तें कारकुनास विचारून घेतलें, जमाखर्चाचें एक पुस्तक विकत आणलें, व विषय शिकून टाकला.

ज्या दुकानदाराच्या मुलानें लहानपणापासून वडिलांची खतावणी लिहिली आहे, त्यास ह्या गोष्टीचें मर्म सांगावयास नको. व्यापारी दाव्यांत हिशेब वाचतां येणें हें मोठें भांडवल आहे. आमच्या त्या विद्यार्थ्यानें दुसरी नोंद म्हणून हेंच निवडलें.

काय सांगूं नये

जसें काय सांगावें हें कळलें पाहिजे, तसेंच काय सांगूं नये हेंही. उमेदवारीच्या काळांत पुष्कळ पक्षकारांचीं गुपितें कानीं पडतात. वकिलास पक्षकारानें विश्वासानें सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीवांचून उघड करतां येत नाहीं. पूर्वीं भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्यें हा नियम होता, आणि १ जुलै २०२४ पासून तो भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्यें आहे. काम संपल्यावरही हें बंधन सुटत नाहीं, आणि वकिलाचे कारकून व नोकर ह्यांसही तें लागू आहे. म्हणून मुलाखतींत प्रकरण सांगतांना नांव, गांव, किंमत, ह्यांपैकीं ज्यानें पक्षकार ओळखूं येईल तें कांहींच सांगूं नये. आज जो दुसऱ्याचें गुपित आपल्या फायद्यासाठीं सांगतो, तो उद्यां आपलेंही सांगेल, हें समोरच्यांस तत्काळ कळतें.

ह्याच तारखेपासून भारतीय दंड संहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता, आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागीं भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमांचे आंकडे बदलले. त्यामुळें अनुभवी वकिलांसही अजून मधून मधून पुस्तक उघडावें लागतें. अशा स्थितींत एकादें कलम आठवलें नाहीं, तर "आंकडा आतां आठवत नाहीं, पण नियम असा आहे, आणि तो मी अमुक ठिकाणीं पाहीन," असें सरळ सांगावें. पेढींत अज्ञानामुळें होणाऱ्या नुकसानापेक्षां अज्ञान लपविल्यामुळें होणारें नुकसान फार मोठें असतें. न कळलेलें कलम पांच मिनिटांत शोधतां येतें. पण चुकीचा सल्ला लिहून गेला, तर पक्षकाराचें घर जातें.

दुसरी मुलाखत

पांच महिन्यांनीं त्या मुलास दुसऱ्या एका पेढीकडून बोलावणें आलें. ह्या वेळीं आम्हीं त्यास एक अक्षरही लिहून दिलें नाहीं. तीन रकान्यांचा कागद त्यानें घरींच ठेवला. तो त्याच्या मनांत होता.

करारांच्या विषयांत गुण कमी कां, असें त्यास प्रथमच विचारण्यांत आलें. "त्या वर्षीं मीं अभ्यास कमी केला; पुढें तो विषय पुन्हा वाचला," एवढेंच त्यानें उत्तर दिलें. मग त्यानें बहिणींच्या नांवांची हकीकत सांगितली. ज्येष्ठ भागीदारांनीं सहज विचारलें, "हे पक्षकार कोण?" मुलगा म्हणाला, "क्षमा करा. तें मला सांगतां येणार नाहीं." भागीदारांनीं टेबलावरून एका जुन्या हस्तलिखित फेरफाराची नक्कल पुढें केली व वाचावयास सांगितली. त्यानें ती वाचली. एका शब्दाशीं अडला. अंदाजानें कांहीं तरी म्हणून पुढें जाणें सोपें होतें. त्यानें बोट ठेवून सांगितलें, "हा शब्द मला लागत नाहीं. मूळ कागद पाहावा लागेल." भागीदार हंसले, आणि म्हणाले कीं, हा शब्द आमच्या कार्यालयांत अद्यापि कोणासच लागलेला नाहीं.

त्यास सहा महिन्यांच्या परीक्षेवर जागा मिळाली. पगार बेताचाच होता. पण आईच्या पाटल्या पुढच्या दिवाळीस सुटल्या.

नकार म्हणजे निकाल नव्हे

खरें सांगितलें म्हणजे नोकरी हटकून मिळते, असें आम्ही म्हणत नाहीं. तसें म्हणणें हीही एक लबाडीच होईल. नाशिक येथें १८६६ सालीं जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ह्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकल्या, ऑक्सफर्डला गेल्या, आणि १८९२ सालीं तेथील कायद्याची मोठी परीक्षा देणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. तरी त्यांस तिची पदवी मिळावयास १९२२ साल उजाडलें, आणि हिंदुस्थानांत स्त्रियांस वकिलीची मोकळीक देणारा कायदा १९२३ सालीं झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच १९२३ सालीं मुंबईंत वकिली करूं लागले. एवढे विद्वान, पण अस्पृश्यतेच्या विटाळामुळें सॉलिसिटर लोक त्यांस काम देण्यास नाखूष असत, आणि संसार चालविण्यासाठीं त्यांस बाटलीबॉय ह्यांच्या हिशेबशिक्षणाच्या संस्थेंत व्यापारी कायदा शिकवावा लागला. नाकारणारांचीं नांवें आज कोण सांगतो? तेव्हां नकार आला, तर प्रथम आपली चूक प्रामाणिकपणें शोधावी. चूक सांपडली तर सुधारावी. न सांपडली तर तो दोष आपल्या माथीं घेऊन झुरत बसूं नये.

पालकांस व विद्यार्थ्यांस

पालकहो, मुलास चारचौघांत बोलतां येत नाहीं, म्हणून खंत करूं नका. त्यास भाषणें पाठ करावयास लावण्यापेक्षां रात्रीं जेवतांना विचारा, "आज तूं काय केलेंस?" आणि त्यानें सांगितलें म्हणजे पुन्हा विचारा, "त्यांत तुझें स्वतःचें किती?" उत्तर थोडें आलें तरी रागावूं नका. थोडें खरें सांगणाऱ्या मुलास मोठें काम करण्याची हिंमत पुढें आपोआप येते. फार खोटें सांगणाऱ्यास कामाची गरजच वाटेनाशी होते.

विद्यार्थ्यांनो, तुम्हांपैकीं पुष्कळांस वकील व्हावयाचें नाहीं, हें आम्ही जाणतों. तरी एक दोनशें पानी वही घ्या आणि तीत तीन रकाने आंखा. स्नेहसंमेलनाचा रंगमंच तुम्हीं स्वतः उभारला, कीं दुसऱ्याच्या हाताखालीं दोऱ्या बांधल्या, कीं खुर्चीवर बसून तमाशा पाहिला, तें ज्याच्या त्याच्या रकान्यांत लिहा. दहा वर्षांनीं जेव्हां कोणी टेबलापलीकडून विचारील, "तुम्हांस काय येतें?" तेव्हां ती वही तुमच्या बाजूनें साक्ष देईल.

आमच्यापुरतें सांगावयाचें, तर गेल्या वर्षापासून आम्हीं शाळेच्या वक्तृत्वस्पर्धेंत एक बदल केला आहे. भाषण संपलें म्हणजे परीक्षक मुलास एकच प्रश्न विचारतात : "तुम्ही आतां जें म्हणालांत, त्याचें एक उदाहरण सांगा." पहिल्या वर्षीं पुष्कळ मुलें गप्प राहिलीं. यंदा त्यांपैकीं बरींच बोलूं लागलीं आहेत.